वस्तरा आणि डावा हात

वस्तऱ्याने स्वतःची दाढी करायला शिकू लागलेल्या माणसाचे सगळे लक्ष त्याच्या उजव्या हाताकडे असते, आणि ते साहजिकच आहे, कारण उघडे पाते त्या हातात असते आणि खाली स्वतःचा गळा असतो. वस्तरा कसा धरावा, किती कलता टेकवावा, किती जोर द्यावा, असे त्याचे सगळे प्रश्न उजव्या हाताविषयी असतात. गेले काही महिने मी हे शिकतो आहे आणि आता माझे मत असे झाले आहे की या कामाचा मोठा वाटा डाव्या हाताचा आहे. त्वचा ताणून धरणारा तो हात नीट चालला, तर उजव्या हाताला करण्यासारखे फारसे उरत नाही. तो ढिला पडला, तर कितीही चांगला वस्तरा आणि कितीही धीट उजवा हात असला तरी दाढी ओरबाडल्यासारखी होते. डाव्या हाताच्याही आधी धार, पाणी आणि फेस यांची तयारी येते. पाते गालाला टेकते तेव्हा दाढी कशी होणार हे बरेचसे ठरून गेलेले असते.

माझा वस्तरा जर्मनीतील झोलिंगेन गावचा आहे आणि तो मला पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या या बाजारात गंजलेली कुलपे, पितळी नळ, रेडिओचे सुटे भाग आणि सुताराची हत्यारे यांच्या ढिगात अधूनमधून असा एखादा वस्तरा दिसतो. तो घेताना काय पाहावे हे आधी शिकून घेतलेले बरे. पात्याच्या मध्यावर काळे डाग असले तर बिघडत नाही, पण धारेलगत गंजाने खाल्लेले बारीक खड्डे असतील तर तो वस्तरा खाली ठेवावा, कारण नवी धार नेमकी त्या खड्ड्यांतूनच काढावी लागते. धारेवर केसाएवढी जरी चीर असेल तरी पाते बाद समजावे. पाते उजेडात तिरपे धरून त्याची पाठ पाहावी. ती एका बाजूला जास्त घासली गेली असेल तर पूर्वीच्या मालकाने धार लावायच्या दगडावर नको इतका जोर दिला होता असे समजावे. मुठीच्या दोन पट्ट्या शिंगाच्या आहेत, लाकडाच्या आहेत की सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकच्या, हेही तपासावे. जुने सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून निघणाऱ्या वायूने आतल्या पोलादावर गंज चढतो आणि वरून सुंदर दिसणाऱ्या मुठीत पाते आतल्या आत मरत असते.

झोलिंगेन हे नाव पात्यावर दिसले की विक्रेता भाव चढवतो, आणि त्यात त्याचे फारसे चुकत नाही. या गावाला चाकू, कात्र्या आणि वस्तऱ्यांची शतकांची परंपरा आहे, आणि त्याचे नाव मालावर कोणी लावावे यासाठी जर्मनीत १९३८ साली स्वतंत्र कायदाच झाला. इंग्लंडमधील शेफील्ड आणि फ्रान्समधील तिएर ही या धंद्यातील दुसरी दोन मोठी नावे. जुने शेफील्डचे वस्तरे बहुधा जाड, पाचरीच्या आकाराचे असतात. झोलिंगेनच्या कारागिरांनी मात्र पाते दोन्ही बाजूंनी गोल दगडी चाकावर घासून आत इतके खोलगट केले की धारेजवळचा भाग कागदासारखा पातळ उरला आणि पाठ तेवढी जाड राहिली. ही जाड पाठ शोभेसाठी नसते. वस्तरा दगडावर किंवा धार सांभाळायच्या चामडी पट्ट्यावर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात आणि धारेचा कोन, साधारण सोळा-सतरा अंशांचा, आपोआप ठरतो. चाकूला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्यात तो घडणाऱ्यानेच बांधून दिलेला असतो. शिकणाऱ्यावर इतका विश्वास टाकणारे हत्यार मी दुसरे पाहिलेले नाही.

पोलादाच्या या गोष्टीत मुंबईचेही नाव येते, आणि ते मला मोलाचे वाटते. दक्षिण भारतात मातीच्या मुशीत लोखंड वितळवून तयार होणारे वुट्झ पोलाद अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या रॉयल सोसायटीपर्यंत पोहोचले ते मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवलेल्या नमुन्यांमुळे. १७९५ मध्ये जॉर्ज पिअरसन यांनी त्याच्या परीक्षणावर निबंध प्रसिद्ध केला. लंडनमधील जेम्स स्टोडार्ट हे शस्त्रक्रियेची हत्यारे आणि वस्तरे बनवणारे कारागीर. त्यांनी आपल्या दुकानाच्या जाहिरातीत हे भारतीय पोलाद युरोपातील उत्तमाहून उत्तम पोलादापेक्षा आपल्याला पसंत आहे असे छापले होते. पुढे याच स्टोडार्ट यांनी तरुण मायकेल फॅराडे यांच्याबरोबर पोलादात इतर धातू मिसळून पाहण्याचे प्रयोग केले. पाचशे भाग पोलादास एक भाग चांदी मिसळलेले त्यांचे मिश्रण विशेष गाजले, आणि नंतर कित्येक शेफील्डच्या वस्तऱ्यांवर ‘सिल्व्हर स्टील’ अशी अक्षरे दिसू लागली. त्यांतल्या बहुतेकांत चांदी असण्याचे कारण नव्हते. विजेच्या शोधांसाठी आपण ज्यांना ओळखतो ते फॅराडे उमेदीची काही वर्षे वस्तऱ्याच्या पोलादात गुंतले होते, ही गोष्ट वस्तरा हातात घेणाऱ्या माणसाला ठाऊक असायला हवी असे मला वाटते.

आता पट्ट्याकडे येतो, कारण शिकणाऱ्याने गालाच्या आधी पट्ट्याशी ओळख करून घ्यावी. पट्टा म्हणजे साधारण तीन इंच रुंद, हातभर लांब चामड्याची पट्टी. तिच्या मागे पुष्कळदा जाड सुती किंवा तागाच्या कापडाची दुसरी पट्टी जोडलेली असते. माझा पट्टा खिडकीच्या गजाला अडकवलेला असतो. सुरुवातीला चामड्यावरून तळहात जोर देऊन काही वेळा फिरवायचा, म्हणजे ते किंचित उबदार आणि एकसारखे होते. मग डाव्या हाताने पट्टा ताणून धरायचा; तो सैल राहिला तर पात्याखाली वाकतो आणि धारेचा काठ गोल करून टाकतो. डाव्या हाताचे काम असे इथूनच सुरू होते. वस्तरा पट्ट्यावर सपाट ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या. पाठ पुढे आणि धार मागे अशा रीतीने तो लांबवर न्यायचा, टोकाला थांबायचे, पाठ न उचलता पाते पाठीवरच उलटवायचे आणि तसेच परत आणायचे. थांबून उलटवायचे, हे सर्वात महत्त्वाचे. घाईने उलटवताना धार पुढे आलेली असते आणि चामड्यात शिरते. शिकाऊ माणसाच्या पट्ट्यावर दिसणाऱ्या आडव्या चिरा अशाच पडतात, आणि म्हणून पहिला पट्टा स्वस्तातला असावा हा जुना सल्ला खरा आहे. जोर मुळीच द्यायचा नाही. वस्तऱ्याचे स्वतःचे वजन पुरते. कापडावर वीस-तीस आणि चामड्यावर पन्नास-साठ फेऱ्या झाल्या की पट्ट्याची ओढ बदलते. सुरुवातीला पाते नुसते सरकत असते, नंतर चामडे त्याला किंचित धरू लागते आणि आवाज दोन्ही दिशांना एकसारखा येतो. ही ओढ ओळखू येईपर्यंत मी गालाला वस्तरा लावला नाही.

आमच्या पेठेत ज्यांच्याकडे मी वर्षानुवर्षे केस कापून घेतो त्या नाभिक काकांना मी हा वस्तरा नेऊन दाखवला तेव्हा त्यांनी तो उघडला, अंगठ्याचे बोट धारेवर आडवे, अगदी हलके टेकवले, आणि काही न बोलता तो आपल्या तळहातावर दोन-चारदा फिरवला. तळहातावर वस्तरा फिरवणे ही आपल्याकडच्या जुन्या कारागिरांची सवय. कातड्याच्या पट्ट्याचे शेवटचे काम ते हाताच्या कातडीकडून करून घेत. मी विचारले, “काका, धार बरी आहे का?” ते म्हणाले, “मला काय विचारता साहेब, तुमच्या गालाला विचारा. पण आत्ता नको, आधी दगडावर घेऊ.” त्यांनी कपाटाच्या खालच्या खणातून फडक्यात गुंडाळलेला आपला जुना दगड काढला. मधोमध खोलगट झालेला, काळसर, हाताला साबणासारखा गुळगुळीत. दगडावर वस्तरा पट्ट्याच्या उलट चालतो, म्हणजे धार पुढे आणि पाठ मागे. पाण्याचे थेंब टाकून ते पाते पुढे-मागे नेत होते तेव्हा पाणी धारेपुढे पातळ लाटेसारखे चढत होते आणि ते सबंध लांबीवर सारखे चढते का, याकडेच त्यांची नजर होती. दुकानात त्या वेळी दुसरे गिऱ्हाईक नव्हते आणि त्यांना घाई नव्हती. ज्या कामाचे आता कोणी पैसे देत नाही ते काम इतक्या निगुतीने होताना पाहणे हा माझा मोठा लाभ होता.

नव्या वस्तऱ्याबरोबर सुरुवात करणाऱ्याने दगडाच्या वाटेला लगेच जाऊ नये असे मला वाटते. हजार क्रमांकाच्या दगडावर (क्रमांक जितका मोठा तितका दगड बारीक) धारेचे दोन उतार एकमेकांना मिळवायचे, मग चार-पाच हजार, आठ हजार आणि शेवटी बारा हजारांचा जपानी कृत्रिम दगड किंवा बेल्जियमच्या आर्देन भागातील फिकट पिवळा, गार्नेट या कठीण खनिजाचे अतिसूक्ष्म कण असलेला नैसर्गिक दगड, अशी ही चढण आहे आणि ती स्वतंत्रपणे शिकण्यासारखी विद्या आहे. दाढी आणि दगड दोन्ही एकदम शिकायला घेतले तर दाढी बिघडल्यावर दोष धारेचा की हाताचा हे कळायला मार्ग उरत नाही. कोणा जाणकाराकडून एकदा धार लावून घ्यावी, ती पट्ट्यावर सांभाळावी आणि हात बसू द्यावा. चांगली सांभाळली तर धार कित्येक आठवडे टिकते.

धार जाते तरी का, याचे उत्तर मला फार आवडले. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पटींनी मऊ असतो, मग त्याने पोलाद बोथट व्हावे कसे? अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात याचा खुलासा केला. त्यांनी दाढीच्या पात्याखाली केस कापताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिले. पाते झिजून गोल होत नव्हते. त्याच्या काठाचे अतिसूक्ष्म कपचे उडत होते. केस पात्याला काटकोनात न भिडता वाकून भिडला, पोलादाची अंतर्रचना त्या जागी एकसारखी नसली आणि केस नेमक्या अशा जागी टेकला, की तिथे ताण एकवटतो आणि कपचा निघतो. तो प्रयोग बाजारात मिळणाऱ्या साध्या पात्यांवर होता, पण त्यातली केस वाकण्याची गोष्ट मी वस्तऱ्यासाठीही मनावर घेतली आहे. सैल कातडीवरचा केस पात्यापुढे झोपतो, वाकतो; ताणलेल्या कातडीवरचा केस उभा राहतो. गालाला होणारा त्रास आणि धारेला होणारा त्रास मुळात एकच आहे, आणि दोन्हींवरचा उपाय डाव्या हातात आहे.

पाणी आणि फेस यांविषयी थोडक्यात. कोरडा केस चिवट असतो आणि पाणी प्यायला की नरम पडतो, पण त्याला दोन-तीन मिनिटे तरी लागतात, म्हणून आंघोळीनंतर दाढी करावी किंवा गरम पाण्यात पिळलेला पंचा गालांवर धरून ठेवावा. डबीतून फुसकन निघणारा तयार फेस या कामाला निरुपयोगी आहे. तो केसाभोवती हवा ठेवतो, पाणी ठेवत नाही. ब्रश आणि साबण हवा, आणि फेस दह्यासारखा दाट, चकचकीत व्हायला हवा. पुण्यात ज्या घरी खडकवासल्याचे पाणी येते तिथे हे सहज जमते. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात साबण फुटतो आणि फेस गालावरच सुकू लागतो. ज्यांच्याकडे असे पाणी येते त्यांनी दाढीपुरते एक तांब्या पिण्याचे पाणी तापवून घ्यावे. दाढीच्या मधेच फेस वाळला तर पुन्हा ब्रश फिरवायला आळस करू नये.

आता प्रत्यक्ष गाल. वस्तरा धरायचा तो असा, की पहिली तीन बोटे पात्यामागच्या दांडीच्या पाठीवर, अंगठा खालून आधाराला, आणि करंगळी मागच्या वाकड्या शेपटीवर. मूठ वरच्या बाजूला उघडी उभी राहते. पाते गालाला सुमारे तीस अंशांत टेकवायचे. अंश मोजत बसण्यापेक्षा पाठ गालापासून तिच्या जाडीच्या दुपटीएवढी दूर राहील हे पाहणे सोपे. यापेक्षा सपाट धरले तर पाते केसांवरून ओढले जाते, जास्त उभे केले तर कातडी खरवडते. आणि धारेच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे करवतीसारखे आडवे, ते तसूभरही सरकू द्यायचे नाही. वस्तरा कापतो तो तेव्हाच. धारेच्या काटकोनात, इंच-दीड इंचाच्या छोट्या पल्ल्यांत, जोर न देता खाली आणले तर ते केसांखेरीज कशालाही हात लावत नाही, ही गोष्ट ऐकून पटत नाही, अनुभवाने पटते.

काकांनी मला पहिले काही दिवस वस्तरा बंदच ठेवायला सांगितला होता. “आधी नुसता डावा हात फिरवा,” असे त्यांचे म्हणणे. आरशासमोर उभे राहून कल्ल्यापासून सुरुवात करायची. कल्ल्याच्या वर, कानशिलाजवळ बोटे टेकवून कातडी वर ओढायची. गालाची सुरकुती नाहीशी होते आणि कानापासून जबड्यापर्यंत एक सपाट पट्टा तयार होतो. जबड्याच्या हाडावर पाते कधी चालवू नये. मान विरुद्ध बाजूला कलती करून जबड्याखालची कातडी ओढून गालावर आणावी आणि हाडावरचा भाग हाडाच्या वर आणून सपाट जागी साफ करावा. गळ्याशी मान मागे टाकावी. कंठमण्यावरची कातडी दोन बोटांनी बाजूला सरकवली की ती एका सपाट जागी येते आणि मग तिथे घाबरण्याजोगे काही राहत नाही. मिशीच्या जागी डाव्या हाताच्या बोटाने नाकाचे टोक वर दाबावे आणि वरचा ओठ दातांवर खाली खेचावा. हनुवटी सर्वात अवघड, कारण तिथे कातडी जाड आहे, केस राठ आहेत आणि ते भोवऱ्यासारखे वाढतात. खालचा ओठ वर खेचून ती ताणता येते, पण पुरती नाही. सैल कापड कात्रीत चुरगळते आणि ताणून धरलेले सरळ कापले जाते, हे शिंप्याच्या दुकानात आपण सगळ्यांनी पाहिलेले असते. इथे नेमके तेच चालते, फरक इतकाच की ताणणारा हात आणि कापणारा हात दोन्ही एकमेकांना दिसत नाहीत, एकमेकांचे फक्त ऐकतात.

फेसाने ओली झालेली बोटे कातडीवरून घसरतात आणि नेमक्या अवघड जागी ताण सुटतो. याला तुरटी हे औषध आहे. दाढीनंतर फिरवायची तुरटी आपल्या सगळ्यांच्या घरी असते. तिची ओली वडी डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांना आधीच चोळून घेतली की बोटे कातडीला चिकटल्यासारखी धरतात. मला ही युक्ती काकांनी सांगितली आणि तिने माझी दाढी जितकी सुधारली तितकी दुसऱ्या कशानेही नाही.

केसांची दिशा प्रत्येकाची वेगळी असते आणि गळ्यावर तर एकाच माणसाच्या दोन बाजूंना वेगळी असते. एक-दोन दिवसांची वाढ असताना बोटे चारही दिशांना फिरवून ती समजून घ्यावी. ज्या दिशेने बोट गुळगुळीत जाते ती केसांची दिशा. माझ्या गळ्याच्या डाव्या बाजूला केस कानाकडे तिरपे वाढतात, हे इतकी वर्षे सुरक्षित रेझरने दाढी करूनही मला माहीत नव्हते. पहिली फेरी केसांच्या दिशेने करावी आणि सुरुवातीचे बरेच दिवस तेवढ्यावरच थांबावे. दुसरी फेरी आडवी, आणि तिसरी उलटी, हे पुढचे शिक्षण. ज्यांना पहिल्याच आठवड्यात गाल आरशासारखा हवा असतो त्यांनी वस्तरा घेऊ नये.

पातळ पोकळ पात्याला आवाज असतो. केस कापले जाताना पाते थरथरते आणि त्याचा बारीक खरखरता सूर स्पष्ट ऐकू येतो. केस नसलेल्या जागी तो थांबतो. धार उतरू लागली की आधी हा सूर मंद होतो, मग हाताला ओढ जाणवते, आणि शेवटी गालाला कळते. हाच क्रम असतो, आणि आवाजाकडे कान ठेवला तर गालापर्यंत पाळी येत नाही. म्हणून मी दाढी करताना न्हाणीघरातला पंखा बंद ठेवतो आणि नळही.

आपल्याकडे वस्तरा प्रामुख्याने कारागिराच्या हातात राहिला. बारा बलुतेदारांतल्या न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, चिमटा, नखे काढायची नराणी, वाटी आणि आरसा असे आणि तो घरोघर जात असे. स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय मध्यमवर्गात रुजली ती सुरक्षित रेझरबरोबर. किंग कँप जिलेट यांनी फेकून देता येणारे पाते १९०३ मध्ये बाजारात आणले, १९०४ मध्ये पेटंट मिळवले, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने आपल्या सैनिकांना लाखो रेझर दिले. तिथून जगभर वस्तरा घरातून हद्दपार होत गेला. कारागिराची विद्या आणि स्वतःच्या दाढीची विद्या या एकच आहेत असे मला पूर्वी वाटे. त्या बऱ्याच वेगळ्या आहेत. कारागीर खुर्चीभोवती फिरतो आणि प्रत्येक जागा आपल्या उजव्या हाताच्या सोयीची करून घेतो. स्वतःभोवती आपल्याला फिरता येत नाही, म्हणून डाव्या गालावर एकतर हात चेहऱ्यापुढून आडवा न्यावा लागतो किंवा वस्तरा डाव्या हातात घ्यायला शिकावे लागते. मी दुसरा मार्ग धरला आहे. मग ताणण्याचे काम उजव्या हाताकडे येते आणि त्याला ते नवीन असते. उलट कारागिराला जे कधीच मिळत नाही ते आपल्याला मिळते: पात्याखालच्या गालाला काय जाणवते हे त्याला गिऱ्हाइकाच्या भुवईवरून ताडावे लागते, आपल्याला ते आतून कळते.

या हत्याराचा मान राखायला हवा असे मला आणखी एका कारणाने वाटते. विधवांचे केशवपन हीही याच वस्तऱ्याकडून करून घेतलेली गोष्ट होती, आणि १८९० मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हाव्यांनी ते काम करायला नकार दिला. ज्यांच्या पोटाचे साधन वस्तरा होता त्यांनी तो कुणाच्या डोक्यावर चालवणार नाही हे ठरवले. सुधारणेच्या इतिहासात लेखणी चालवणाऱ्यांची नावे आपल्याला पाठ असतात. या माणसांची नावे क्वचितच कोणाला ठाऊक असतात.

काकांच्या दुकानातला वस्तरा नव्वदीच्या दशकात गेला. एड्स आणि काविळीविषयी माहिती पसरली, गिऱ्हाइके खुर्चीत बसताबसता “नवीन ब्लेड लावा” म्हणू लागली, आणि ते योग्यच होते. एका पात्याने अनेकांची दाढी करणे धोक्याचेच आहे. आता ते दुधारी ब्लेड वेष्टनाच्या कागदातच उभे दुमडतात, बारीक टक् आवाज होऊन त्याचे दोन तुकडे होतात, आणि त्यातला एक अर्धा तुकडा धातूच्या पकडीत सरकवून त्यानेच दाढी करतात. अनेक जण शिकण्यासाठी ही ब्लेडची पकडच सुचवतात, कारण ती स्वस्त आहे आणि धार लावायची कटकट नाही. माझे मत वेगळे आहे. अर्धे ब्लेड अतिशय पातळ, हलके आणि तीक्ष्ण असते, त्याची टोके उघडी असतात आणि ते नवशिक्याला क्षमा करत नाही. खरा वस्तरा वजनदार असतो, त्याची धार कातडीशी अधिक सौम्य वागते, आणि गोल टोकाचा घेतला तर टोचण्याची भीतीही कमी. घरी एकट्याने वापरायच्या वस्तऱ्याला संसर्गाचा प्रश्नही नाही, फक्त तो दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही.

सांभाळ पावसाळ्यात करावा लागतो. हे पोलाद स्टेनलेस नसते. न्हाणीघरात रात्रभर ओले राहिले तर सकाळी धारेवर तांबूस रेघ दिसते. दाढी झाली की पाते धुवावे, नळावर आपटू नये, मऊ फडक्याने पाठीकडून धारेकडे पुसावे, कापडाच्या पट्टीवर काही फेऱ्या द्याव्यात, आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पसरून वस्तरा खोलीतल्या कोरड्या कपाटात ठेवावा. खोबरेल तेल त्यासाठी वापरू नये. ते थंडीत थिजते आणि मुठीच्या सांध्यात जमते. जुलै-ऑगस्टमध्ये चामड्यावर पांढरी बुरशी चढते, म्हणून पट्टाही न्हाणीघरात टांगून ठेवू नये. आणि वस्तरा हातातून निसटला तर तो झेलायला कधीही जाऊ नये, पाय मागे घ्यावेत आणि पडू द्यावा. पात्याची धार पुन्हा लावता येते.

सध्या माझे दोन्ही गाल, मिशीची जागा आणि गळ्याची उजवी बाजू वस्तऱ्याने नीट होते. हनुवटीवर मी अजून एकच फेरी करतो आणि तिथे राहिलेले खुंट राहू देतो. गळ्याच्या डाव्या बाजूला, जिथे केस कानाकडे वळतात, तिथे वस्तरा डाव्या हातात धरून आडवा आणावा लागतो आणि ताण उजव्या हाताने मानेच्या मागून द्यावा लागतो. तो अजून जागेवर बसलेला नाही. काका म्हणतात, दिवाळीपर्यंत बसेल, आणि त्यानंतर ते मला दगड शिकवणार आहेत. त्यांच्या दगडाचा मधला खोलगट भाग आधी सपाट करून घ्यावा लागेल, त्यासाठी काचेचा जाड तुकडा आणि पाण्यात चालणारा खरखरीत पॉलिश पेपर मी रविवार पेठेतून आणून ठेवला आहे.